नागपूर ते राजनांदगाव : एका तरुणाची श्रद्धा आणि त्याचे गाणे

गेल्या नाताळाच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदाची तालीम एका संध्याकाळी अर्ध्यावरच मोडली. कारण तसे क्षुल्लक होते. तरुण मुलांनी गिटार आणि ड्रम आणले होते आणि वर्षानुवर्षे पेटीवर बसणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींना ते रुचले नाही. शब्दाने शब्द वाढत गेला. मिहानमधील एका संगणक कंपनीत नोकरी करणारा, आठवडाभर रात्रपाळी करूनही रविवारची मिस्सा न चुकविणारा एक तरुण शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, चर्चमध्ये एक गाणं आणि कानात दुसरं, असं किती दिवस चालायचं?" त्याच्या गळ्यात हेडफोन लोंबत होता. सध्या काय ऐकतोस, असे मी सहज विचारले, तेव्हा त्याने फोनच माझ्यापुढे धरला. इंग्रजी भक्तिगीते होती, हिंदी चित्रपटांतील गाणी होती आणि त्या सर्वांच्या मधोमध पंडित भीमसेन जोशींनी गायिलेले अभंग होते. आपल्या या आवडीनिवडीत काही विसंगती आहे, असे त्या मुलाला वाटत नव्हते. विसंगती दिसत होती ती आम्हाला.

त्या रात्री मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. वाचकहो, याचे कारण असे की त्या मुलाने विचारलेला प्रश्न नागपुरात काही पहिल्यांदाच उपस्थित झालेला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात ऐन तिशीतला एक तरुण राहत होता. त्याची श्रद्धा नागपूरहून निघालेल्या एका आगगाडीत नव्या दिशेला लागली. परंतु त्याचे कान काही त्याने बदलले नाहीत. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

रेव्हरंड टिळक म्हटले की आपल्यापुढे उभी राहते ती पांढऱ्या दाढीची, संन्यस्त वृत्तीची मूर्ती. ती अखेरच्या काळातील आहे. नागपुरातले टिळक तसे नव्हते. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या या मुलाला आई जानकीबाईंकडून कवितेची आणि गाण्याची गोडी मिळाली. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते. आई लवकर वारली आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिकला, जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न केले आणि मग पुढची कित्येक वर्षे आज या गावी तर उद्या त्या गावी अशी भटकंती केली. कधी शाळामास्तर, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. मागणारा दिसला की तो त्याचा होई. घरी चूल पेटवायची कशाने, ही विवंचना लक्ष्मीबाईंनी करायची. हे सारे त्यांनी इतक्या हसतमुखाने लिहून ठेवले आहे की त्यामागचे दारिद्र्य वाचकाच्या उशिराच ध्यानात येते.

१८९० नंतर हे बिऱ्हाड नागपुरात येऊन स्थिरावले. म्हणजे टिळकांच्या हिशेबाने स्थिरावले! येथील श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांना मिळाले होते. याच काळात 'ऋषि' नावाचे धर्मचर्चेचे मासिक त्यांनी चालविले. जातिभेद राष्ट्राला पोखरतो आहे, मूर्तिपूजेने मनाचे समाधान होत नाही, ईश्वर पित्यासारखा आहे आणि सर्व माणसे बंधू आहेत, अशा विचारांनी ते भारून गेले होते. नवा धर्मच स्थापावा असे त्यांच्या मनात घोळत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर नोकरी बेताची, संसार ओढगस्तीचा आणि डोक्यात साऱ्या देशाची चिंता, असा तो तरुण होता. असे तरुण आपल्या धर्मग्रामात आजही दोन-चार सापडतील.

ते नागपूर कसे होते? भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते. १८६१ पासून नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी येथे पोहोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्येच येथे आले होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये निघाले.

आणि आपण? आपली मंडळी कामठीच्या बाजूने आली. १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. तेथे मद्रास फौजेच्या पलटणी असत आणि त्यांच्याबरोबर आयरिश शिपाई, तसेच तामिळ व तेलुगू भाषक कॅथलिक कुटुंबे होती. सव्हॉय प्रांतातील आनसी येथून निघालेले संत फ्रान्सिस दि सेल्स संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून आत मध्य भारतापर्यंत आले. सदर भागातील सेंट फ्रान्सिस दि सेल्स शाळा १८७० ची. नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला १८८७ मध्ये आणि बिशप अलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले महागुरू झाले. टिळक नागपुरात आले तेव्हा आपला धर्मप्रांत, असे म्हणावयास हरकत नाही, पाळण्यातच होता.

कानांनी ते शहर कल्पून पाहावे. महालातील देवळांत टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तन रंगे. सीताबर्डीवर, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'पासून महाराष्ट्रभर पसरलेली नाट्यपदे लोकांच्या ओठांवर असत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची आरोळी उठे. कामठीला बिगूल आणि बँड. सदरच्या आपल्या चर्चमध्ये लॅटिन मिस्सा, तिच्यासोबत लॅटिन स्तोत्रे आणि गोऱ्या शिपायांसाठी इंग्रजी गीते. एकाच शहरात हे सारे नाद होते, परंतु ते एकमेकांना भेटत नव्हते. मराठीत ख्रिस्ताचे गाणे नागपूरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या वेळी गायचेच म्हटले, तर ते गाणार कोण, हाही प्रश्न होता. आपल्या मंडळींत मराठी मातृभाषा असणारे फार थोडे होते.

नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत लोहमार्ग १८८० मध्ये तयार झाला होता. तो मूळचा मीटरगेज. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेऊन रुंद केला आणि १८९१ पासून तो थेट बंगालच्या बाजूला जोडला गेला. राजनांदगाव हे छोटे संस्थान होते. तेथे नोकरीची आशा होती, म्हणून १८९३ साली टिळक त्या गाडीत बसले. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. गोऱ्या माणसाच्या शेजारी बसताना त्या काळी एतद्देशीयाला अपमानाची धास्ती असे. या गृहस्थाने मात्र त्यांना आदराने जागा करून दिली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावरून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या माणसाने आधी टिळकांच्या आवडीचा विषय काढला आणि धर्माची गोष्ट मागाहून निघाली. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत विचित्रच वाटले. तरी दिलेला शब्द पाळण्यासाठी ते पुस्तक वाचू लागले, पेन्सिलीने खुणा करू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. तेथून पुढे ते पुस्तक त्यांना खाली ठेवता आले नाही.

राजनांदगावला असताना मुंबईच्या अमेरिकन मिशनचे रेव्हरंड जस्टिन अॅबट यांच्याशी त्यांनी नाव बदलून पत्रव्यवहार केला. हे अॅबटसाहेब 'ज्ञानोदया'शी संबंधित होते. १८४२ पासून निघणारे ते मराठी ख्रिस्ती नियतकालिक. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात याच अॅबटसाहेबांनी महाराष्ट्रातील संतकवींची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत आणली. ज्याच्या हातून टिळक ख्रिस्ताच्या जवळ आले, तो स्वतः हळूहळू तुकारामाच्या जवळ गेला, असे हे दोन्ही बाजूंचे येणे-जाणे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. सहप्रवाशाने दिलेली दोन वर्षांची मुदत जवळजवळ तंतोतंत खरी ठरली.

पुढची पाच वर्षे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतला बराच काळ पंढरपुरात गेला. आषाढी-कार्तिकीला जेथे साऱ्या महाराष्ट्राचा कंठ फुटतो, त्या गावी ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराचे दुःख गिळत होती. टिळक पत्रांतून कविता पाठवीत. आपणही जोडाक्षरे-जमके जुळवू लागलो, असे लक्ष्मीबाई मोठ्या मिस्किलपणे सांगतात. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला, तो मात्र कुणाच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. त्या दोघांमधला धागा तुटू दिला नाही तो बऱ्याच अंशी कवितेने.

ख्रिस्ती झाल्यावर टिळक चर्चमध्ये जाऊन बसले, तेव्हा त्यांच्या कानांवर काय पडले? मराठी मंडळ्यांतून दोन प्रकारची गीते चालत. एक, इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे. दुसरी, देशी चालींची पदे. ही दुसरी परंपराही टिळकांच्या आधीपासून होती. १८६०च्या दशकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तने सुरू केली होती, हे त्यांचे श्रेय विसरून चालणार नाही. तथापि प्रतिष्ठा होती ती पहिल्या प्रकाराला. बाके, बाजा, उभे राहून गाणे, गाऊन झाल्यावर बसणे, असा सगळा शिष्टाचार विलायती.

भाषांतरित गीतांची खरी अडचण कोठे आहे, ते थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण ती आजही आपल्या गायकवृंदाला छळते. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर उभी असते. अमुक अक्षरावर जोर, अमुक अक्षर हलके, आणि प्रत्येक ओळीत अक्षरे ठराविक. मराठीत जोराला तसे स्थान नाही. येथे ऱ्हस्व-दीर्घाला मोल आहे. 'करुणा' हा शब्द घ्या. विलायती चालीने मधल्या अक्षरावर मुक्काम केला की त्याचे 'करूणा' होते आणि मराठी कान दचकतो. देवाची करुणा राहते बाजूला आणि शब्दाचीच करुणा येते! उलट ओवी आणि अभंग यांची घडण सैल असते. एखादे अक्षर कमी-अधिक झाले तरी गाणारा ते सांभाळून घेतो. जात्यावरची बाई तर पीठ पडेल त्या लयीत ओवी लांबविते किंवा आखडते. शिवाय आपल्याकडे ध्रुवपद परत परत येते, त्यामुळे अक्षरशत्रूलाही दुसऱ्या कडव्यापासून गाण्यात सामील होता येते. भाषांतरित स्तोत्राला मात्र पुस्तक हाती हवे आणि ते वाचता आले पाहिजे.

टिळकांनी केले ते एवढेच की आपल्या आईकडून, कीर्तनांतून आणि तुकोबांच्या गाथेतून जे ऐकत ते वाढले होते, ते त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेऊन ठेवले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हा सेतू ओलांडून झाल्यावर त्यांनी मोडून टाकला नाही. अभंग, ओवी, साकी, दिंडी, पदे, बालगीते यांतील एकही घाट त्यांनी वर्ज्य मानला नाही. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या एकट्याच्या रचना दोनशेहून अधिक आहेत. 'अभंगांजली' त्यांचीच. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले आणि ते अपुरे राहिले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जिला लग्नाच्या वेळी धड लिहिता-वाचता येत नव्हते, तिने!

त्यांना विरोध झाला नाही असे नाही. हिंदू आप्तेष्टांना वाटे, धर्म सोडला तो सोडला, वर अभंग कशाला? ख्रिस्ती मंडळींपैकी काहींना वाटे, जुने सोडून आलो ते पुन्हा टाळ कुटण्यासाठी काय? नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला जुन्या देवळाची आठवण देणारा प्रत्येक सूर धोक्याचा वाटतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. ज्या गावकुसाबाहेरच्या लोकांना त्या देवळांत पाऊलच ठेवू दिले जात नव्हते, त्यांच्या मनात त्या टाळांविषयी प्रेम का असावे, हाही प्रश्न खोटा नाही. टिळकांसारख्या चित्पावन ब्राह्मणाला कीर्तन म्हणजे माहेर होते. सर्वांना ते माहेर नव्हते. टिळकांच्या चाहत्यांनी, आणि त्यांत मीही आलो, ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवलेली नाही. मात्र अभंगाची परंपरा एकट्या ब्राह्मणांची कधीच नव्हती. चोखामेळ्याची पायरी देवळाबाहेरच होती आणि तरीही अभंग त्याचाही होता.

येथे आपले वाचक म्हणतील, टिळक तर प्रॉटेस्टंट. आपल्या घरची कथा काय? तर आपल्या घरची कथा अधिक जुनी आहे आणि अधिक चुटपूट लावणारी आहे. १६१६ साली गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत मराठी ख्रिस्तकथा सांगितली आणि ती गोव्याकडे भाविकांच्या मेळ्यात गायिली-वाचिली जाई. म्हणजे टिळकांनी जे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर केले, ते आपल्या एका धर्मगुरूने तीनशे वर्षे आधीच करून ठेवले होते. पुढे त्याचा धागा आपल्या हातून निसटला. अहमदनगर जिल्ह्यात फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळ येथून १९०३ मध्ये 'निरोप्या' सुरू केला, तेव्हा मराठी कॅथलिकांना पुन्हा आपले असे पान मिळाले. केंदळ राहुरी तालुक्यातले, आणि राहुरी हे टिळकांच्या संसारातलेही एक महत्त्वाचे ठिकाण. एकाच तालुक्यात दोन चर्चेसची मराठी अशी शेजारी शेजारी नांदत होती.

त्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताविषयी आपले प्रसिद्ध फर्मान काढले. युरोपातील चर्चेसमध्ये नाटकी संगीत फार शिरले होते, त्याला आवर घालून ग्रेगोरियन गायनाला त्यांनी अग्रस्थान दिले. पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या वाद्यांना चर्चमध्ये मनाई झाली. युरोपच्या दृष्टीने ते शुद्धीकरण होते. मृदंग-टाळांच्या देशात मात्र त्याचा अर्थ असा झाला की दार, जे आधीच लोटलेले होते, त्याला कडीही लागली. पुढची साठ वर्षे ती उघडली नाही.

त्या साठ वर्षांच्या शेवटच्या तुकड्यात माझे बालपण गेले. माझी आई भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन नागपुरात आली. पहाटे उठून काम करताना ती सतत गुणगुणत असे. ओव्या, पाळणे, भुलाबाईची गाणी, वेशीवरच्या भजनी मंडळाकडून कानांवर पडलेले काहीबाही. येशूबाळाचा पाळणाही तिने स्वतःच जुळविला होता आणि तो भुलाबाईच्या चालीवर होता. परंतु रविवारी चर्चमध्ये ती मुकी असे. लॅटिन तिला कळत नव्हते, इंग्रजी गीतपुस्तक तिला वाचता येत नव्हते. सारी मिस्साभर ती डोक्यावर पदर घेऊन मागच्या रांगेत बसे आणि जपमाळेचे मणी ओढीत ओठातल्या ओठात मराठीत पुटपुटत राही. आम्ही मुले पुढे गायकवृंदात लॅटिन शब्द पाठ म्हणत असू. आपल्याला येते ते आईला येत नाही, याचा मला त्या वयात अभिमान वाटे. आज ती आठवण सुखाची नाही.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने पवित्र उपासनेविषयीचा संविधान-दस्तऐवज संमत केला. लोकभाषेला त्याने दार उघडलेच, शिवाय संगीताविषयी एक कलम घातले. ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे आणि जिचे त्यांच्या धार्मिक व सामाजिक जीवनात मोठे स्थान आहे, तिला योग्य मान द्यावा आणि मिशनऱ्यांनी ती शाळांत व उपासनेत जोपासावी, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल भारतात आले. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी तर आधीपासूनच भारतीय सुरांत भक्तिगीतांचे आणि नृत्यनाट्याचे प्रयोग मांडले होते. आपल्या आर्चबिशपांच्या नागपुरातही हळूहळू हिंदी आणि मराठी मिस्सा सुरू झाल्या. इतर ख्रिस्ती बंधूंविषयीची महासभेची दृष्टी १९६४ च्या दस्तऐवजाने बदलली होती, म्हणून टिळकांची पदे आपल्या तालमीत आणण्याची चोरी राहिली नाही.

मराठी मिस्सेच्या पहिल्या काही रविवारांपैकी एका रविवारी मी पेटीशेजारी उभा होतो. सेवाविधीच्या वेळी एक साधे, ओवीच्या चालीचे गीत सुरू झाले. ध्रुवपद दुसऱ्यांदा आले तेव्हा मागच्या रांगेतून एक आवाज वर चढला. बारीक, थोडा पुढे धावणारा, वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या हेलाचा. मी वळून पाहिले नाही. तो आवाज मला रोज पहाटेपासून ठाऊक होता.

तेव्हापासून आमच्याकडे सारे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. मी स्वतः विशी-पंचविशीत असताना एकदा तालमीत नाट्यसंगीताच्या वळणाची एक तान घेतली, तेव्हा हे काय नाटक आहे का, अशी बोलणी मला खावी लागली. बोलणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांना त्यांच्या तरुणपणी हार्मोनियमवरूनच बोलणी बसली होती, हे मला फार पुढे कळले! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने ज्या विदर्भाचा कान घडविला, त्या विदर्भात आपल्या चर्चमध्ये खंजिरी आणू म्हणताच भुवया वर गेल्या होत्या. आज तीच मंडळी, म्हणजे आम्हीच, ड्रम पाहून भुवया वर करतो.

टिळकांच्या बाजूने विचार केला तर या तरुणांना एक प्रश्न परत विचारावा लागतो. टिळकांनी अभंग घेतला तो त्यांच्या अंगात मुरलेला होता म्हणून. आज पडद्यावर पाहून घेतलेले परदेशी भक्तिसंगीत आमच्या मुलांच्या अंगात तसे मुरलेले आहे काय? मला वाटते, काहींच्या आहे. जन्मल्यापासून जे ऐकले ते त्यांचे. काही जण मात्र, एके काळी आम्ही लॅटिन घोकले तसेच ते घोकत आहेत. आणि मागच्या रांगेत पदर घेऊन बसलेली कोणाची तरी आजी पुन्हा मुकी झाली आहे. हे मी त्या संध्याकाळी बोलायला हवे होते. सुचले ते घरी आल्यावर, 'स्मृतिचित्रे' उघडल्यावर.

टिळकांनी अखेरीस मिशनची नोकरी सोडली. १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांच्या मनातला ख्रिस्ती समाज बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांना एकत्र बसविणारा होता. त्याविषयी आपल्या धर्मशिकवणीप्रमाणे मतभेद असू शकतात. तो बहरण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. नागपूरला मात्र टिळकांचे घर पुन्हा एकदा आले. १९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन या शहरात भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई होत्या. चाळीस वर्षांपूर्वी याच नागपुरात कफल्लक नवऱ्याचा संसार रेटताना, तो गाडीतून कोणते पुस्तक घेऊन येणार आहे याची तिला कल्पना नव्हती.

दुसऱ्या बुधवारी मी तालमीला गेलो तो 'उपासना संगीता'ची जुनी प्रत घेऊन. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात 'चाल' म्हणून कुठल्याशा जुन्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. त्या काळी तेवढे पुरत असे, कारण ती चाल प्रत्येकाला येत होती. आज ती कोणालाच येत नाही. मिहानमधल्या मुलाने फोनवर पुष्कळ शोधले. शेवटी पेटीवरच्या काकांनी डोळे मिटून दोन-तीन वळणे आठवली, चौथ्याला अडले. मुलाने गिटारवर सूर धरून ठेवला आणि काका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तासाभराने ध्रुवपद बसले, अंतरा बसायचा आहे. ड्रमचा निकाल अजून लागलेला नाही.